सबब, अस्वल निर्दोष

सरवदेकाका सिनेमा बघत नसत. सिनेमाचा पंचनामा करत. एखाद्या टीकाकारानं कुणाला झोडपलं की आपण ‘त्यानं पंचनामा केला’ म्हणतो, तसला नव्हे. खराखुरा, सरकारी, फुलस्केप कागदावर, डाव्या हाताला समास सोडून, खाली दोन पंचांच्या सह्यांना जागा ठेवून केलेला पंचनामा. आणि तोही कायम एकाच सिनेमाचा.

सिनेमा अस्वलाचा होता. इंग्रजी. उत्तरेकडच्या कुठल्याशा बर्फाळ जंगलात शहरातली सहा-सात मंडळी तंबू ठोकायला जातात आणि एक अवाढव्य अस्वल त्यांना एकेक करून संपवतं, एवढीच गोष्ट. आमच्या सदाशिव पेठेतल्या गल्लीच्या तोंडाशी सीडी लायब्ररी होती. काकांनी तिथून ती सीडी एकदा आणली आणि मग आणतच राहिले. शेवटी लायब्ररीवाला वैतागून म्हणाला, “अहो, ही तुम्हीच ठेवा. दुसरं कुणी मागत नाही आणि तुम्ही दुसरं काही मागत नाही.” पुण्यात दुकानदारानं आपणहून गिऱ्हाइकाला काही दिल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण.

हे सगळं मी हसत हसत लिहायचं ठरवलं आहे. जमेल तितकं हसतो. पण एक आधीच सांगून टाकतो. यात शेवटी हसं झालं ते माझं, आणि त्याची लाज इतक्या वर्षांनीही तशीच ताजी आहे.

काका वनखात्यातून वनपाल म्हणून निवृत्त झाले होते. सारी नोकरी विदर्भातल्या डोंगरांत. सुमनकाकू इकडे पुण्यात शिक्षिका, त्यामुळे संसार सगळा सुट्ट्यांमधला. निवृत्त होऊन काका आमच्या इमारतीत तळमजल्यावर कायमचे राहायला आले, तेव्हा काकूंना पहिले सहा महिने पाहुणा मुक्कामाला आल्यासारखं वाटत होतं, असं त्याच सांगत. पाहुणा बरा, निदान तो डब्यांवर लेबलं लावत नाही, असंही सांगत.

पंचनाम्याची सवय काकांच्या हाडात मुरलेली होती. एकदा तिसऱ्या मजल्यावरची तुळशीची कुंडी खाली पडून फुटली. कुणी पाडली यावर जिन्यात भांडण जुंपलं. काका शांतपणे घरातून खडू आणि टेप घेऊन आले आणि फुटक्या कुंडीभोवती त्यांनी रेघ आखली. “आधी कुणी काही हलवू नका. तुमच्यापैकी घटनास्थळ कुणी पाहिलंय?” अर्ध्या तासानं निष्कर्ष आला : कुंडीखालचा कठडा ओला, त्यावर कबुतराची विष्ठा, सबब मानवी हात दिसून येत नाही. आमचे सेक्रेटरी आपटे म्हणाले, “सरवदे, आपण निवृत्त झालात, हे आपल्या खात्यानं आपल्याला कळवलंय ना?” काकांनी तेही गंभीरपणे घेतलं. म्हणाले, “कळवलंय. पत्र आहे.”

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, सॉफ्टवेअर कंपनीत. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, सकाळी साडेसातला कोपऱ्यावर कंपनीची वातानुकूलित बस. त्या काळात ज्याच्या गळ्यात पट्टा तो शहाणा असा एक समज पुण्यात पसरला होता. इतरांचं माहीत नाही, माझा तरी होता. इमारतीत घरी इंटरनेट असलेला मी एकटाच. ते लावलं की आमचा फोन बंद पडायचा आणि आईचा जीव टांगणीला लागायचा, पण तोही रुबाबच होता.

एका रविवारी दुपारी काकांनी मला तो सिनेमा बघायला बोलावलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली टीव्ही, टीव्हीसमोर लोखंडी खुर्ची, मांडीवर पॅड, कानामागे पेन. रिमोट त्यांच्या डाव्या हातात. दर दहा सेकंदांनी चित्र थांबायचं.

“हे बघा, प्रसादराव. पाऊल उमटलंय. पण हे पुढच्या पायाचं. मागच्याचं कुठंय? अस्वल काय पुढच्या दोन पायांवर चालत आलं?”

“काका, सिनेमा आहे तो.”

“असू द्या. चूक ती चूक.”

मग तंबूतला एक तरुण बाहेर येतो, अस्वल मागच्या पायांवर उभं राहतं, संगीत वाढतं, तरुण किंचाळतो. काकांनी तिथेच थांबवलं. “उभं का राहिलं? मारायला नाही. वास घ्यायला. त्याला लांबचं दिसत नाही बिचाऱ्याला. दचकलं की ते अंगावर येतं. माणूस खायला येत नाही. वाळवी खातं, बोरं खातं, मोहाची फुलं खातं.”

“पण काका, हे तिकडचं अस्वल आहे. तिकडे मोह कुठला?”

“अस्वल ते अस्वल. उद्या तुम्ही अमेरिकेत गेलात तर वरणभात सोडाल का?”

पुढे चार वर्षांनी मी खरोखर गेलो आणि सोडला नाही.

काका सिनेमाला सिनेमा म्हणत नसत, ‘प्रकरण’ म्हणत. त्यातल्या प्रत्येक मृत्यूचा वेगळा पंचनामा. त्यातला एक मला अजून पाठ आहे. “मौजे : नाव दिसून आले नाही. तालुका : परदेश. पूर्वेस नदी, पश्चिमेस तंबू, उत्तरेस डोंगर व त्यावर बर्फ, दक्षिणेस कॅमेरा असावा. मयत इसम नामे जिमी, आडनाव अज्ञात, वय अंदाजे तीस, अंगात लाल जाकीट. मयताने मनाईचा फलक असताना खाद्यपदार्थ उघड्यावर ठेवले. मयताने अस्वलाच्या दिशेने प्रथम काठी फेकली. अस्वलाचा हेतू दिसून येत नाही. सबब, अस्वल निर्दोष.” अशी सात मयतांची सात प्रकरणं. सातही वेळा अस्वल निर्दोष.

सिनेमाची शेवटची दहा मिनिटं मात्र ते लावत नसत. अस्वलाच्या मागे बंदुका घेऊन माणसं निघाली की काका रिमोट दाबून उठायचे. मी एकदा म्हणालो, “शेवट तरी बघू द्या.” तर म्हणाले, “शेवट माहीत आहे,” आणि पाणी प्यायला आत गेले. मी घरी येऊन पोट धरधरून हसलो.

त्या दिवसांत इंटरनेटवर एक ठिकाण होतं. जगातला कुणीही तिथे कुठल्याही सिनेमावर आपला अभिप्राय लिहायचा, आणि बाकीचे त्यावर ‘उपयोगी’ की ‘निरुपयोगी’ असा शेरा मारायचे. आमच्या अस्वलाच्या सिनेमाखालीही शे-दीडशे लोकांनी लिहिलं होतं. कुणाला अस्वल खोटं वाटलं, कुणाला रक्त कमी वाटलं, कुणाला नायिका आवडली. मला कल्पना सुचली. मी काकांकडून जिमीचा पंचनामा मागून घेतला आणि त्याचं इंग्रजी केलं. केलं म्हणजे मुद्दाम करायचं तितकं बावळट केलं. ‘सबब’ला प्रत्येक ठिकाणी ‘देअरफोर’. खाली सही, ‘निवृत्त वन अधिकारी, पुणे’.

दोन दिवसांत तो त्या पानावरचा सगळ्यात गाजलेला अभिप्राय झाला. कुणी विचारलं, हा अस्वलाचा वकील आहे का? कुणी लिहिलं, मी मेल्यावर माझाही पंचनामा यांनीच करावा. शेजारच्या खुर्चीवरच्या माझ्या मित्राने, नितीनने, त्याची प्रत काढून ऑफिसात कॉफीच्या मशीनवर चिकटवली. मी एका आठवड्यात कंपनीत प्रसिद्ध झालो. कॅन्टीनमध्ये लोक मला हाक मारून काकांची नक्कल करायला लावायचे, आणि मी करायचो. खुर्ची, पॅड, कानामागे पेन, सगळं.

काकांना मी सांगितलं होतं, “तुमचं म्हणणं इंटरनेटवरून थेट पिक्चरवाल्यांकडे जातं.” त्यांचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर कसंसंच झालं. पण क्षणभरच. दुसऱ्या दिवसापासून ते पंचनामे कार्बन घालून, सुवाच्य अक्षरात, जावक क्रमांक टाकून माझ्याकडे देऊ लागले. आणि सरकारी माणूस, कागद गेला म्हणजे त्याची पोच आलीच पाहिजे. रोज सकाळी मी जिना उतरायला लागलो की दारात काका उभे.

“पोच?”

“नाही आली अजून, काका.”

“बरं. मोठं ऑफिस असणार. वेळ लागतो.”

असं दीड महिना चाललं. मी ऑफिसात हे सांगितलं तेव्हा नितीन म्हणाला, “अरे, मग देऊन टाकू की पोच.” झालं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघांनी बसून दिग्दर्शकाचं पत्र तयार केलं. जाड, किंचित पिवळसर कागद, वर अस्वलाचा पंजा, खाली नितीनची झोकदार सही. मजकूर माझा. लिहिलं होतं : आपले सातही पंचनामे वाचले. आपण म्हणता ते खरं आहे. अस्वल निर्दोष होतं. चूक आमची होती आणि ती मी आपल्यापुढे कबूल करतो.

हे पत्र मी काकांना त्यांच्या घरी, काकूंसमोर, मराठी करून वाचून दाखवलं. हसू येऊ नये म्हणून गाल आतून दातांखाली धरला होता. काका टाळ्या वाजवतील, पेढे आणतील, इमारतभर सांगत सुटतील, आणि सोमवारी ऑफिसात मला ते सगळं करून दाखवता येईल, असा माझा हिशेब होता.

काका नुसते म्हणाले, “ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचा.”

मी वाचलं. चूक आमची होती आणि ती मी आपल्यापुढे कबूल करतो.

“त्यांनी स्वतः लिहिलंय? स्वतःच्या सहीनं?”

“हो.”

“एवढा मोठा माणूस,” काका म्हणाले. “अनोळखी माणसाला, कागदावर, चूक झाली म्हणाला.” त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, इंग्रजी येत नसताना वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि खुर्चीतून उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. काकू माझ्याकडे पाहून हलकेच म्हणाल्या, “फार मोठं काम केलंस रे, बाळा.” मी चहाला न थांबता वर आलो. सोमवारी ऑफिसात मात्र मी पेढ्यांसकट सगळी गोष्ट रंगवून सांगितली. पेढे माझ्या पदरचे.

त्यानंतर काका दारात दिसेनासे झाले. पोच विचारायचं कारणच उरलं नव्हतं. काकू एकदा जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, “सारखं लिहितात आणि फाडतात. टीव्ही लावत नाहीत. काही विचारलं तर म्हणतात, खाडाखोड चालत नाही यात.”

पुढच्या रविवारी सकाळी ते आमच्या घरी आले. पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट. हातात लिफाफा. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

“एवढं त्या साहेबांना पाठवा. इंग्रजी करून. याची पोच नाही आली तरी चालेल.”

ते गेले आणि मी लिफाफा उघडला. आठवा पंचनामा असणार, नितीनला फोन करून वाचून दाखवू, असं म्हणत मी रिसीव्हर हातात घेतलाही होता. पहिल्या चार ओळी वाचल्या आणि तो खाली ठेवला.

त्यात मौजे होतं, तालुका होता, तारीख होती. सगळं आपल्याकडचं. बावीस वर्षांपूर्वीचं. काकांच्या हद्दीतल्या एका गावचा माणूस मोहाची फुलं गोळा करायला डोंगरावर गेला आणि मेलेला सापडला. गावकरी म्हणाले, अस्वलानं मारला. काकांनी डोंगरावर जाऊन पंचनामा करायचा होता. चैत्राचं ऊन होतं, चढ दोन तासांचा होता. काका गावातच निंबाखाली खाटेवर बसले आणि लोकांनी सांगितलं तसं लिहिलं. न पाहिलेली पावलं लिहिली. न पाहिलेल्या झटापटीच्या खुणा लिहिल्या. दोन पंचांचे अंगठे घेतले. कागद वर गेला, वरून परवानगी आली, आणि त्या डोंगरावरच्या अस्वलिणीला गोळी घातली गेली. गोळी घालणारा खाली आल्यावर सहज म्हणाला, तिच्या पाठीवर दोन पिल्लं होती, ती झुडपात पळाली.

ती पिल्लं शोधायला काका पहिल्यांदा तो डोंगर चढले. आणि मग त्यांना ती जागा दिसली. मोहाची उंचावरची मोडलेली फांदी. तिच्या बरोबर खाली धोंडा. धोंड्यावर डाग. माणूस झाडावरून पडून मेला होता. अस्वलाचा संबंध नव्हता.

पुढची ओळ अशी होती : “दोनपैकी एक पिल्लू मिळाले. ते अंगातील शर्टात घालून मी खाली आणले. शेळीचे दूध कापसाने पाजले. ते माझा अंगठा चोखत घुरघुरत असे. अकरा दिवस जगले. मी पंचनामा दुरुस्त केला नाही. तत्पर कारवाईबद्दल मला प्रशस्तिपत्रक मिळाले, ते मी घेतले. सबब, दोष माझा आहे.”

खाली काकांची सही होती. पंचांच्या दोन जागा रिकाम्या.

मी तो कागद हातात धरून कॉटवर बसलो. आई जेवायला हाका मारत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. एक माणूस बावीस वर्षं जे कागदावर उतरवू शकला नाही, ते त्यानं उतरवलं होतं. कुणाच्या भरवशावर? माझ्या आणि नितीनच्या. जेवणाच्या सुट्टीत, वडापाव खाता खाता खरडलेल्या एका वाक्याच्या भरवशावर. लाज माणसाच्या अंगाला चिकटते म्हणजे काय, ते मला त्या दुपारी कळलं. आंघोळ केली तरी गेली नाही.

सोमवारी सकाळी मी पट्टा न घालता खाली उतरलो आणि काकांची बेल वाजवली. ते पत्र शोकेसमध्ये, प्लॅस्टिकच्या कव्हरात, काकूंच्या आदर्श शिक्षिका पुरस्काराशेजारी उभं केलेलं होतं. मी उभ्यानंच सांगितलं. पत्र मी लिहिलं. पिक्चरवाल्यांकडे काहीच गेलं नाही. इंटरनेटवर लोक सिनेमांवर अभिप्राय देतात, तिथे मी तुमचा पंचनामा टाकला. तुमच्या पंचनाम्यांवर लोक हसतात. मीही हसतो. ऑफिसात तुमची नक्कल करतो. सगळं सांगितलं. थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं.

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. भांड्याचासुद्धा आवाज आला नाही.

काकांनी शोकेस उघडून पत्र बाहेर काढलं. “सही कुणाची?”

“मित्राची. नितीनची.”

“वळणदार आहे,” काका म्हणाले, आणि पत्र उलटं करून टेबलावर ठेवलं. मग माझ्या हातातल्या त्यांच्या लिफाफ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “मग आता हे कुणाला पाठवायचं?”

मी लिफाफा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही.

“तुम्ही वाचलंत?”

“हो.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

“हसलात?”

“नाही, काका.”

“मग तुमचा अभिप्राय काय?” त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. “तिथं एवढे लोक एवढ्या खोट्या अस्वलावर अभिप्राय देतात म्हणता. हे खरं होतं. यावर कुणीतरी द्या की.”

तोंडात सगळं तयार होतं. जाऊ द्या काका, किती वर्षं झाली. तुम्ही काय मुद्दाम केलंत? नोकरीत होतं असं. पण ते म्हणणं म्हणजे पुन्हा एक खोटं पत्र लिहिण्यासारखं झालं असतं.

“तुमची चूक होती, काका,” मी म्हणालो. “मोठी चूक होती.”

काका खुर्चीत सावकाश मागे टेकले. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आपण म्हाताऱ्या माणसाला दुसऱ्यांदा मारलं.

“साहेबांना तेव्हाच तोंडी सांगितलं होतं मी,” ते म्हणाले. “ते म्हणाले, सोडा हो सरवदे, अस्वल तर होतं. हिला सांगितलं, ही म्हणाली, जिवाला लावून घेऊ नका. गावात जाऊन सांगितलं, ते म्हणाले, एक कमी झालं, बरंच झालं. एकजण चूक म्हणेना, प्रसादराव.” त्यांनी तळहातानं डोळे पुसले. “बरं वाटलं.”

मी खाली बघत विचारलं, “आणि माझी?”

“तुमचीही चूक आहे,” काका म्हणाले. “लहान नाही.”

असं म्हणून ते उठले. कपाटातून त्यांनी दोन फुलस्केप कागद काढले, मध्ये कार्बन घातला, कडा जुळवल्या आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवले. कानामागचं पेन काढून वर ठेवलं. दुसरी खुर्ची ओढून दिली. बाहेर कोपऱ्यावर कंपनीच्या बसनं दोनदा हॉर्न दिला. काकू चहाचे तीन कप घेऊन आल्या आणि त्यातला एक, माझ्याकडे न बघता, माझ्या हाताशी ठेवून गेल्या.

मी पेन हातात घेतलं. समासाची रेघ आखली. पहिला शब्द काही केल्या उमटेना.

“घाई करू नका,” काका माझ्याशेजारी बसत म्हणाले. “मला बावीस वर्षं लागली.”